स्कूबाचे जॅकेट : आधी माप, मग प्रकार

जोडून सुट्ट्या आल्या की पिंपरी-चिंचवड, चाकणमधून गाड्या मालवण-तारकर्लीकडे निघतात. तिथे स्कूबासाठी सिलिंडरसह अंगावर चढवले जाणारे जॅकेट म्हणजे ‘बीसीडी’. त्यात हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो.

प्रकार कोणते?

जॅकेट : हवा पाठीला आणि दोन्ही कुशींना भरते. पृष्ठभागावर शरीर उभे राहते. पूर्ण फुगल्यावर मात्र छाती आवळते.

बॅक-इन्फ्लेट : हवा फक्त पाठीकडे. पाण्याखाली शरीर सहज आडवे राहते. पृष्ठभागावर मात्र पुढे झुकते.

विंग : पाठीला कडक पट्टी, पट्टे आणि हवेची वेगळी पिशवी. सरावलेल्यांसाठी उत्तम.

नवख्याने काय निवडावे?

जॅकेटच. पण प्रकारापेक्षा माप महत्त्वाचे. सैल जॅकेट वर सरकते, सिलिंडर डुलतो. झडपही तितकीच महत्त्वाची. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना आतली हवा फुगून दुप्पट होते. ती वेळेत सोडता आली नाही, तर माणूस वेगाने वर फेकला जातो आणि फुफ्फुसांना इजा होऊ शकते. कारखान्यात दाबाखालची हवा हाताळणाऱ्यांना हा धोका नवा नाही.

शिवाय बीसीडी म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. बेशुद्ध माणसाचे तोंड ते पाण्याबाहेर ठेवेलच असे नाही.

म्हणून केवळ दर आणि फुकट व्हिडिओ पाहून बुकिंग करू नये. आपल्या मापाचे जॅकेट मागावे, ते समोर फुगवून, रिकामे करून दाखवायला सांगावे. टाळाटाळ झाली, तर दुसरे केंद्र गाठावे.