विश्लेषण : ट्रक विजेवर धावला, तरी धूर निघतोच कुठून?

न्हावा शेवाहून कंटेनर घेऊन दिल्लीकडे निघालेला ट्रेलर साधारण १,४०० किलोमीटर कापतो. लिटरला तीन किलोमीटर असा हिशेब धरला, तर एका फेरीत साडेचारशे लिटरहून अधिक डिझेल जळते आणि सव्वा टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार देशातील एकूण वाहनांत डिझेल ट्रक अवघे ३ टक्के आहेत, पण वाहतूक क्षेत्रातील हरितगृह वायूंमध्ये त्यांचा वाटा ४२ टक्के आहे. २०७० पर्यंत ‘नेट झिरो’ गाठायचे तर केवळ स्कूटर आणि मोटारी विजेवर आणून भागणार नाही.

सरकारची योजना काय?

‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत जुलै २०२५ मध्ये प्रथमच ई-ट्रकसाठी अनुदानाचे नियम जाहीर झाले. सुमारे ५,६०० ट्रकना हा लाभ मिळणार असून एका वाहनामागे कमाल मर्यादा ९ लाख ६० हजार रुपये आहे. त्यासाठी जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला लागतो. देशातील ट्रकची संख्या ४० लाखांच्या घरात आहे, हे लक्षात घेता ५,६०० हा आकडा चाचणीपुरताच म्हणावा लागेल.

अडचण किमतीची की मालकाची?

दोन्हींची. जड ई-ट्रकची किंमत तशाच डिझेल ट्रकच्या दुपटीहून अधिक पडते. किलोमीटरमागे खर्च कमी येतो आणि रोज भरपूर धावणाऱ्या गाडीला काही वर्षांत फरक भरून काढता येतो, हे गणित सिमेंट किंवा पोलाद कंपनीला जमते. त्यांचा मार्ग ठरलेला असतो, दोन्ही टोकांना चार्जर बसवता येतो. पण भारतातील बहुसंख्य ट्रक पाचपेक्षा कमी गाड्या असलेल्या छोट्या मालकांचे आहेत. अनेक जण स्वतःच गाडी चालवतात. आज नाशिकचा कांदा, उद्या परतीचे जे भाडे मिळेल ते. अशा मालकाला बँक कर्ज देताना विचारते, की पाच वर्षांनी जुन्या बॅटरीचा ट्रक कोण घेणार? या प्रश्नाचे उत्तर बाजाराकडे अजून नाही आणि अनुदानाने ते मिळतही नाही. गाडी चार्जिंगला उभी राहिली की तेवढा वेळ भाडे बुडते, ते वेगळेच.

वीजच कोळशाची असेल तर?

ई-ट्रकच्या जाहिरातींत हा भाग सहसा नसतो. भारतात आजही बहुतांश वीज कोळशापासून तयार होते आणि ग्रिडमधील एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ५५ टनी ट्रकला किलोमीटरला सव्वा ते दीड युनिट लागते असे धरले, तर उत्सर्जन ०.९ ते १ किलोच्या आसपास येते. डिझेल ट्रकचेही साधारण ०.९ किलोच! शहरातील हवा स्वच्छ होते हा फायदा खराच, पण हवामानाच्या दृष्टीने धूर हायवेवरून चंद्रपूरच्या चिमणीत गेला, इतकाच फरक पडतो. ट्रक दुपारी, सौरवीज मुबलक असताना चार्ज झाला तर चित्र झपाट्याने बदलते. म्हणून चार्जरइतकाच तो कोणत्या वेळी आणि कोणत्या विजेवर चालतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

मग रेल्वे का नाही?

लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरवायला रबरी टायरपेक्षा फारच कमी ऊर्जा लागते. ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण जवळपास पूर्ण झाले आहे. तरीही स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात ८० टक्क्यांहून अधिक माल वाहणाऱ्या रेल्वेचा वाटा २७ टक्क्यांवर घसरल्याची नोंद राष्ट्रीय रेल्वे आराखड्यात आहे. तो २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. प्रवासी भाडे कमी ठेवण्याचा भार वर्षानुवर्षे मालभाड्यावर टाकण्यात आला, त्यामुळे व्यापारी रस्त्याकडे वळला. शिवाय ट्रक गोदामाच्या दारात येतो, वॅगन येत नाही.

समर्पित मालवाहतूक मार्गांनी यात बदल होऊ शकतो. लुधियाना ते सोननगर हा १,३३७ किलोमीटरचा पूर्व मार्ग पूर्ण झाला आहे. दादरी ते जेएनपीटी या १,५०६ किलोमीटरच्या पश्चिम मार्गावर विजेच्या तारांखालून दुमजली कंटेनर गाड्या धावतात. मात्र वैतरणा ते जेएनपीटी हा १०२ किलोमीटरचा टप्पाच सर्वाधिक रेंगाळला, म्हणजे नेमका देशातील प्रमुख कंटेनर बंदराला जोडणारा!

आणखी एक पेच आहे. रेल्वेने २०२४-२५ मध्ये १६० कोटी टनांहून अधिक माल वाहिला, त्यात निम्मा कोळसा होता. वीज स्वच्छ होत जाईल तसा रेल्वेचा हा हक्काचा ग्राहक आटत जाणार. ती जागा कंटेनर, सिमेंट, मोटारी, शेतमाल यांनी भरून काढावी लागेल आणि हा माल आज ट्रकवाल्यांकडे आहे.

महाराष्ट्रात काय स्थिती?

जेएनपीए बंदरात सप्टेंबर २०२५ मध्ये बॅटरी बदलण्याची सोय असलेले ५० जड ई-ट्रक दाखल झाले. बंदराच्या आवारातील ठरावीक फेऱ्यांसाठी ही पद्धत सोयीची आहे. त्याआधी ऑगस्टमध्ये राज्याने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक वाहनांना टोलमाफी दिली. ती मोटारी आणि बसना लागू झाली, मालवाहू वाहने मात्र वगळण्यात आली. त्यामुळे द्रुतगती मार्गाच्या नाक्यावर महागड्या इलेक्ट्रिक मोटारीला टोल नाही आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या ई-ट्रकला आहे.