दुसरी प्रत

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपल्याकडे लहान मुलांसहि ठाऊक आहे. परंतु ठाऊक असणें निराळें आणि तसें वागणें निराळें. आज व्यापारी, बँक, दवाखाना, शाळा या सर्वांचे व्यवहार संगणकावर आले आहेत. हें यंत्र एके दिवशीं अकस्मात् बंद पडलें, तर दुसऱ्या दिवशीं काम कसें चालवावयाचें, हा प्रश्न फार थोडे लोक स्वतःस विचारतात. आमच्या मतें यंत्र किती उत्तम आहे यावरून संस्थेचें सामर्थ्य ठरत नाहीं. तें बंद पडल्यावर ती कशी टिकून राहते यावरून ठरतें. भिवंडीच्या निकटचीं दोन उदाहरणें आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

पहिलें न्हावाशेवा बंदराचें. आपल्या तालुक्यांत महामार्गालगत जीं प्रचंड गोदामें उभीं राहिलीं आहेत, त्यांचा या बंदराशीं निकटचा संबंध आहे. ता. २७ जून २०१७ रोजीं युक्रेन देशांतील हिशेब ठेवण्याच्या एका संगणक-प्रणालीच्या वाटेनें ‘नॉटपेट्या’ नांवाचा विध्वंसक प्रोग्राम पसरला. थोड्याच तासांत तो मर्स्क या डॅनिश जहाज-कंपनीच्या देशोदेशींच्या कचेऱ्यांत पोंचला. तिच्याच समूहाकडून चालविलें जाणारें न्हावाशेवा येथील टर्मिनलहि त्या तडाख्यांत सांपडलें, आणि तेथें हातानें काम चालविण्याची पाळी आली. ज्या देशाचें नांव आपला व्यापारी क्वचितच उच्चारतो, तेथील आगीची झळ आपल्या दारापर्यंत येऊं शकते, ती अशी.

या प्रसंगाचा खरा बोध पुढेंच आहे. कोणास कोठें प्रवेश द्यावयाचा याची नोंद ठेवणारे सुमारें १५० संगणक त्या कंपनीनें जगभर ठेविले होते, आणि प्रत्येकांत त्याच नोंदीची प्रत होती. परंतु ते सर्व एकमेकांशीं जोडलेले असल्यामुळें त्या प्रती बरोबरच नष्ट झाल्या. उरली ती एकच, आफ्रिकेंतील घाना देशांतली. कारण हल्ल्याच्या वेळीं तेथील वीज गेली होती व तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता! त्या एका प्रतीच्या आधारानें जाळें पुन्हां उभें राहिलें, आणि सुमारें दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें सिद्ध करण्यांत आले. दीडशें जोडलेल्या प्रतींनीं जें साधलें नाहीं, तें एका अलग राहिलेल्या प्रतीनें साधलें. आणि तेंहि केवळ दैवयोगानें. शहाण्यानें दैवयोगाची वाट पाहूं नये.

दुसरें उदाहरण आपल्याच तालुक्यांतील पडघ्याचें. ता. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें व नवी मुंबई यांच्या मोठ्या भागाची वीज एकाएकीं गेली. लोकल गाड्या जागच्या जागीं थांबल्या. ४०० किलोव्होल्टच्या कळवा-पडघा वाहिनीच्या एका सर्किटची दुरुस्ती चालू होती, त्याचा भार दुसऱ्यावर होता, आणि तेंहि बिघडलें, असें तेव्हांच्या राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनीं सांगितलें. बाहेरचें जाळें कोसळल्यास मुंबईस अलग राखणारी व्यवस्थाहि ऐन वेळीं टिकली नाहीं. मार्च २०२१ मध्यें राज्याच्या गृहमंत्र्यांनीं यामागें सायबर घातपाताचा संशय प्रकट केला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनीं तो नाकारून मानवी चुकीकडे बोट दाखविलें. या वादांत आम्ही पडत नाहीं. वीज शत्रूनें घालविली काय किंवा चुकीनें गेली काय, रुग्णालयांतील रोग्याची व खोळंबलेल्या प्रवाशाची अडचण सारखीच.

कोणी म्हणतील, हीं मोठ्यांचीं दुखणीं. चार यंत्रमाग चालविणारास त्यांचें काय? आमचें मत नेमकें उलट आहे. त्या जहाज-कंपनीस २५ ते ३० कोटि डॉलरांचा तोटा सोसवला. लहान कारखानदाराचा एका महिन्याचा हिशेब गेला, तरी कोणाकडून किती येणें आहे हेंच त्यास कळेनासें होतें. आणि त्याच्याहूनहि अधिक बुडतो तो मागावरचा कामगार. त्याची मजुरी विणलेल्या मीटरांवर ठरते. ते मीटर ज्या संगणकांत लिहिले तोच बंद पडला, तर त्याच्या श्रमाची साक्ष कोणी द्यावी? म्हणून हिशेबाची दुसरी प्रत ठेवणें ही केवळ धंद्यांतील हुशारी नव्हे. दुसऱ्याच्या घामाची ठेव सांभाळण्याचें तें कर्तव्य आहे.

यास खर्च थोडा व नियम मोठा लागतो. आठवड्यांतून एकदां तरी सर्व हिशेब निराळ्या डिस्कवर उतरून घ्यावा, आणि ती संगणकापासून सोडवून दुसऱ्या जागीं ठेवावी. जोडून ठेवलेली प्रत मूळ प्रतीबरोबरच जाते. त्या प्रतीवरून हिशेब खरोखर उघडतो कीं नाहीं हें अधूनमधून पाहावें. वर्षांतून एक दिवस संगणक बंद ठेवून वहीवर काम चालवून पाहावें, म्हणजे अडचणी संकटापूर्वींच कळतात. शेवटीं, झालेला घात लपवूं नये. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. विलंब झाला कीं पैसा हातोहात पुढें जातो. पालकांस आमची विनंति कीं, मुलाच्या हातून चूक झाली तर आधीं ऐकून घ्यावें व मग रागवावें. धाकानें दडविलेली चूक घरास अधिक महाग पडते.

विद्यार्थिमित्रहो, पुष्कळ घरांत संगणकाचें ज्ञान वडीलधाऱ्यांपेक्षां तुम्हांसच अधिक असतें. तेव्हां ही जबाबदारीहि तुमची आहे. घरच्यांचे दूरध्वनीचे क्रमांक आजच एका वहींत लिहून काढा. मग आईस किंवा वडिलांस नम्रपणें विचारा, आपल्या हिशेबाची व कागदपत्रांची दुसरी प्रत कोठें आहे? समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं, तर त्याच दिवशीं तुम्ही स्वतः कामास लागा.