जुन्या गाड्यांसाठी ई-१० पेट्रोल हवेच



पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल (ई-२०) मिसळण्याची मूळ मुदत २०३० होती. देशाने ते उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले. त्यामुळे तेलाची आयात घटते, साखर कारखान्यांना उत्पन्नाचा दुसरा आधार मिळतो. ऊसपट्ट्यात राहणारा मी या धोरणाचा समर्थकच आहे. मात्र जुन्या गाड्यांचे काय, याचे उत्तर सरकारने अजून नीट दिलेले नाही.

एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग ई-२० पेट्रोलला टिकतील असे बनवले जातात. त्याआधीच्या असंख्य गाड्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. इथेनॉलमुळे जुन्या पद्धतीचे रबर फुगते, मग पाइप आणि ओ-रिंगा गळू लागतात. इथेनॉल हवेतली ओलही शोषते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी साचते आणि पंप इंधन ओढतो तो तळातूनच! कोकणात पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीला हा धोका अधिक.

काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच मान्य केले आहे. हा खर्च किरकोळ असल्याचे सांगितले जाते. पण जुनी गाडी वापरतो तो बहुधा नवी परवडत नाही म्हणूनच. त्यातच ॲव्हरेज घटते. ई-१०साठी (म्हणजे १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी) जुळवलेल्या चारचाकींत ही घट ६ ते ७ टक्के असेल, असा नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालाचा अंदाज होता. जुन्या वाहनांसाठी ई-१० उपलब्ध ठेवावे, ही शिफारसही त्याच अहवालात होती. ती बाजूला का पडली?

दोन प्रकारचे पेट्रोल ठेवणे अवघड, ही सबब पटत नाही. अनेक पंपांवर महागड्या प्रीमियम पेट्रोलची वेगळी टाकी असतेच. निदान प्रत्येक तालुक्यातील एका पंपावर ई-१० द्यावे आणि प्रत्येक नोझलवर इथेनॉलचे प्रमाण ठळक मराठीत लिहावे.

तोवर जुन्या गाडीच्या मालकांनी सर्व्हिसिंगच्या वेळी इंधनाचे पाइप तपासून घ्यावेत, फ्युएल फिल्टर वेळेवर बदलावा आणि गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असल्यास टाकी भरून ठेवावी. परंतु धोरणाने आलेला खर्च एकट्या ग्राहकाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. ई-१०चा पर्याय सरकारने तातडीने द्यावा.

– एक वाहनधारक, सांगली