धाप लागण्यापूर्वी

पुणतांब्याच्या माणसाने श्वासाविषयी चार शब्द लिहिले तर कोणी नवल मानू नये. गोदाकाठच्या आमच्या गावात चांगदेवांची समाधी आहे आणि योगबळाने ते चौदाशे वर्षे जगले, ही कथा आम्ही पाळण्यापासून ऐकत आलो. तुम्हांआम्हांला एवढे बळ कोठले? पुढचा श्वास वेळेवर आला म्हणजे झाले. दमेकऱ्याला मात्र तोही झगडून मिळवावा लागतो.

आमच्या आळीत एक मावशी आहेत. थंडी पडू लागली, शेतात उसाचे पाचट पेटू लागले, की त्यांचा दमा उसळतो. परवा मी विचारले, "मावशी, पंप रोज घेता ना?"

"आता काय धाड भरलीय मला? धाप लागली की घेईन. उगीच सवय लागायची!"

मावशींचे हे उत्तर घरोघर ऐकू येते. त्याला खरा जबाब एका पुणेकर डॉक्टरांच्या संशोधनात आहे.

डॉ. संदीप साळवी हे ते गृहस्थ. इंग्लंडात साउदॅम्प्टनला संशोधन करीत असताना त्यांनी स्वीडनमधील उमेओच्या शास्त्रज्ञांच्या साथीने एक प्रयोग केला. तो 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. 15 धडधाकट स्वयंसेवकांना एका खोलीत तासभर डिझेलचा विरळ केलेला धूर दिला आणि दुसऱ्या खेपेस नुसती स्वच्छ हवा. सहा तासांनी श्वासनलिकेत दुर्बीण घालून आतल्या अस्तराचे बारीक तुकडे तपासले.

गंमत पुढेच आहे. फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजतात, त्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही. पण अस्तरात दाह निर्माण करणाऱ्या पेशींची गर्दी उसळली होती. रक्तातसुद्धा तिच्या खुणा उमटल्या होत्या. श्वास म्हणत होता सारे ठीक आहे, आणि आत सूज धरू लागली होती!

ही माणसे निरोगी होती. दमेकऱ्याच्या नळ्यांत तर ही सूज बहुधा मुक्कामालाच असते. त्यात धूर, धूळ किंवा सर्दीचे निमित्त झाले, की नळीभोवतीचे स्नायू आवळतात, कफ दाटतो आणि छाती वाजू लागते. धाप हे दुखण्याचे शेवटचे टोक. म्हणून दम्याची औषधे दोन तऱ्हांची. एक आवळलेली नळी काही मिनिटांत सैल करते. दुसरे सूज उतरवते, पण सावकाश, आणि नेमाने घेतले तरच. काही पंपांत दोन्ही एकत्र असतात. हे सुजेवरचे औषध स्टेरॉइड आहे हे खरे. पण ते मायक्रोग्रॅमच्या मापाने थेट नळीत जाते. त्याचे व्यसन लागत नाही. घेतल्यावर चूळ भरावी, आणि मात्रा कमी करायची ती डॉक्टरांनी, आपण नव्हे.

साळवी पुढे पुण्याला परतले आणि चेस्ट रिसर्च फाउंडेशनमधून त्यांनी आपल्याकडच्या धुराचा पाठपुरावा केला. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांची फुप्फुसे का निकामी होतात, यावर त्यांनी आणि पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहिला. जगात तंबाखू ओढणारे सुमारे 1 अब्ज, तर लाकूड, गोवऱ्या, काटक्यांचा धूर सोसणारे सुमारे 3 अब्ज, असा हिशेब त्यात मांडला होता. त्या 3 अब्जांत आपल्या किती आयाबहिणी चुलीपुढे बसलेल्या असतील, ते वाचकांनीच ताडावे.

दिवाळीपुरती आणखी एक गोष्ट. 2016 मध्ये या संस्थेने पुणे विद्यापीठातील विद्यार्थ्यांसह फटाक्यांचा धूर मोजला. सूक्ष्म कणांत पहिला नंबर कोणाचा? सुतळी बाँबचा नव्हे, तर पोरे ज्यावर वाकून बसतात त्या नागगोळीचा! आवाज नाही म्हणून आपण तिला निरुपद्रवी समजतो. धाप नाही म्हणून दमा नाही, असे समजण्यातलाच हा प्रकार.

तेव्हा फराळाची ताटे घरोघर पोचवाल, तेव्हा दमेकऱ्याच्या घरी दोन मिनिटे जास्त थांबा. त्यांचा पंप फडताळात धूळ खात पडला आहे की हाताशी आहे, एवढे विचारा. मावशींना मी हा लेख वाचून दाखवणार आहे. त्या रागावतील, पण रागवायलाही छातीत दम लागतो, आणि तो त्यांच्यापाशी राहावा एवढीच माझी इच्छा.