जात निवडताना मुळ्या पण बघा

नवीन जात आली की आपण काय विचारतो? पेऱ्याची लांबी किती, कणीस केवढं, उतारा किती. मुळ्या कशा हायेत हे कुणी विचारत नाही अन् विकणारा सांगत नाही. मग हुमणी लागली, ऊस पिवळा पडून हातात उपटून आला की आपण धावपळ करतो.

स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठातल्या टेड टर्लिंग्स यांच्या गटाचं मक्यावरचं काम यासाठी वाचण्यासारखं आहे. तिकडं मक्याच्या मुळ्या खाणारी एक अळी आहे (आपल्याकडं ती नाही). अळीनं मुळी कुरतडली की मका मुळीतून एक वास सोडतो. लवंग-मिरीत असतो तोच पदार्थ, कॅरिओफिलीन. त्या वासावर मातीतले मित्र सूत्रकृमी येतात अन् अळीला मारतात. २००५ साली त्यांनी दाखवलं की वास सोडणाऱ्या जातीवर सूत्रकृमींनी गाठलेल्या अळ्या पाचपट होत्या. पण अमेरिकेतल्या बहुतेक जातींत हा गुण उरलाच नव्हता. उत्पन्नाच्या निवडीत मुळी कुणी बघितलीच नाही, गुण गेला तरी कळलं नाही.

अळी पण काय कमी नाही. बर्नच्या शास्त्रज्ञांनी २०१७ ला दाखवलं की मक्याचंच विष ती अंगात साठवते अन् सूत्रकृमींपासून स्वतःला वाचवते. म्हणजे एका औषधानं कायमचं काम होईल ही आशाच सोडा.

आता आपलं बघू. फोरेट २०२० अखेर बंद झालं. हुमणीसाठी मेटारायझियम अन् मित्र सूत्रकृमी वापरा असं सांगतात, ते बरोबरच आहे. (सूत्रकृमी म्हटलं की डाळिंबवाले दचकतात, पण गाठी करणारे वेगळे, हे वेगळे.) पण माझं म्हणणं असं की नुसतं पाकीट देऊन भागत नाही. उसाची कुठली जात त्यांना बोलावते अन् कुठली मुकी आहे, हे विद्यापीठांनी तपासावं आणि जातीच्या शिफारशीत उताऱ्याशेजारी लिहावं.

मुळ्या बघणं आता अवघड राहिलं नाही. इंग्लंडात नॉटिंगहॅमला दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखं यंत्र आहे, कुंडी न फोडता मुळ्या दिसतात. ते आपल्याला परवडणारं नाही. पण अमेरिकेत जोनाथन लिंच यांच्या गटानं फावड्यानं झाड खणून, मुळ्या धुऊन, कोन अन् फुटवे मोजायची साधी पद्धत बसवली. फावडं अन् बादली तर प्रत्येकाकडं आहे.

या हंगामात दोन जातींची चार-चार झाडं मुळासकट काढा, धुवा, शेजारी ठेवून फोटो काढा. अन् पुढच्या पीक परिसंवादात शास्त्रज्ञांना उताऱ्याआधी मुळीचा प्रश्न विचारा.