स्वयंसेविका कोणाच्या?



मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गटाला महापालिकेचे पत्र आले. वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन डासअळ्यांची पाहणी करणे, ओला-सुका कचरा वेगळा ठेवायला सांगणे, बाळांच्या लसीच्या तारखेची आयांना आठवण देणे, अशा कामांसाठी ‘नागरी स्वयंसेविका’ हव्या होत्या. त्या निवडाव्यात, त्यांना शिकवावे आणि सगळा कार्यक्रम आमच्या गटाने चालवावा, अशी विनंती होती. पत्र वाचून आमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्या हसल्याच. ज्या कार्यालयाच्या व्हरांड्यात निवेदने घेऊन वर्षानुवर्षे ताटकळलो, तिथूनच आता बोलावणे आले होते. नाही कसे म्हणायचे?

आम्ही हो म्हटले. दोन प्रभाग, ४० बाया, एक वर्ष. ते वर्ष संपले आहे आणि महापालिकेला आता हीच योजना सगळ्या प्रभागांत न्यायची आहे. म्हणून या अंकाचे संपादकीय त्या वर्षाचा हिशेब मांडण्यासाठी वापरत आहोत. असे पत्र तुमच्याही गटाकडे येईल, कदाचित आलेही असेल.

आधी पदरात काय पडले ते सांगू. अळ्या शोधायला टाक्या आणि पिंपे उघडून पाहणाऱ्या बायांच्या दोन महिन्यांत लक्षात आले की एका गल्लीत पाणी तीन दिवसांआड येते, म्हणून तिथे पिंपे भरून ठेवावी लागतात, आणि म्हणूनच तिथे अळ्या होतात. फवारणीच्या तक्त्यात ही गोष्ट कुठेच नव्हती. बायांनी ती प्रभाग कार्यालयात मांडली, तेव्हा आरोग्य आणि पाणीपुरवठा ही दोन खाती पहिल्यांदा एका टेबलाशी बसली. आज त्या गल्लीत पाणी एक दिवसाआड येते. हे श्रेय त्या बायांचे आहे. अहवालात मात्र ‘स्थानिक पाहणीनुसार’ एवढेच छापले आहे. आणखी एक गोष्ट: ज्यांनी प्रभाग कार्यालयाची पायरी कधी चढली नव्हती, त्या आता तक्रार नोंदवून पोच मागून घेतात. हे आम्हांला कमी वाटत नाही.

आता दुसरी बाजू. ठरले होते आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास. दिवाळीपर्यंत ते रोजचे झाले. कोणी हुकूम काढला नाही. आज शाळेत जंताच्या गोळ्या वाटायच्या आहेत, उद्या स्वच्छतेची तपासणी करणारे पथक येणार आहे, परवा कशाचे तरी उद्घाटन आहे आणि मांडवात खुर्च्या रिकाम्या दिसता कामा नयेत. प्रत्येक वेळी फोन आम्हांला यायचा: “तुमच्या बायकांना सांगा.” आम्ही सांगत गेलो. हजेरीची वही आमच्याकडे, गैरहजर बाईच्या घरी फोन करणार आम्हीच. तीन घरची धुणीभांडी करणारी एक स्वयंसेविका एका बैठकीत सरळ म्हणाली, “ताई, आमच्या बाईसाहेब महिन्याला दोन खाडे माफ करतात. तुमच्याकडे तेवढेही नाहीत.” बैठक शांत झाली. बिनपगारी कामावरचे बिनपगारी मुकादम झालो होतो आम्ही, आणि आम्हांला ते दुसऱ्या कोणी सांगावे लागले.

प्रवासखर्चाची जी थोडीशी रक्कम ठरली होती, ती चौथ्या महिन्यापर्यंत फायलीतच होती. तोवर रिक्षा, मोबाईलचा रिचार्ज, पावसात छत्री, सगळे घरखर्चातून. घरी नवरा-सासू विचारायच्या, मिळते काय? घरातले काम बिनमोलाचे, आता गल्लीतलेही बिनमोलाचे. लोकांचा राग झेलायचा तोही यांनीच. २०२२ पासून काही वर्षे राज्यातल्या अनेक महापालिकांत निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकांकडे होता. लोकांची सवयच मोडली. नळाला पाणी नाही, गटार तुंबले, की गळ्यात ओळखपत्र घातलेली जी पहिली बाई दारात दिसेल तिच्यावर तोंड सुटते. ती काही करू शकत नाही, हे तिलाही माहीत असते आणि ओरडणाऱ्यालाही.

आणि मग फेब्रुवारीत एका स्वयंसेविकेने सांगितले की पाहणीला सोबत येणारा एक कर्मचारी लगट करतो. तिला घेऊन आम्ही कार्यालयात गेलो. उत्तर मिळाले: ती आमची कर्मचारी नाही, तुमच्या संस्थेचे तुम्ही पाहून घ्या.

आपल्या चळवळीला हे उत्तर नवे नाही. भंवरीदेवी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ होत्या. १९८४ साली सुरू झालेला हा कार्यक्रम तुटपुंज्या मानधनावर गावोगावच्या बायांकडून सरकारचे काम करून घेत होता. बालविवाह थांबवणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता, आणि १९९२ साली त्याचाच सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम सरकारचे, जोखीम बाईची. याच प्रकरणातून स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ‘विशाखा’ निकाल आला. त्यातल्या मार्गदर्शक तत्त्वांत पगार घेणारी, मानधन घेणारी आणि स्वेच्छेने काम करणारी असा भेद केलेला नाही. २०१३ च्या कायद्यातही ‘कर्मचारी’ या शब्दाच्या व्याख्येत मोबदला न घेता, स्वेच्छेने काम करणारी बाई स्पष्टपणे धरलेली आहे. म्हणजे आम्हांला मिळालेले उत्तर उद्धट होतेच, शिवाय बेकायदा होते.

कायद्याची प्रत घेऊन आम्ही पुन्हा गेलो. समिती कागदावर होती, पण अध्यक्षांची बदली झाल्यापासून बसली नव्हती. तीन महिने पाठपुरावा केल्यावर सुनावणी झाली, त्या माणसाला दुसऱ्या प्रभागात पाठवले. बाई मात्र मधल्या काळात काम सोडून गेली. यात आमचा दोष आहे, तो लपवत नाही. प्रशिक्षणाचे दोन दिवस आम्ही डासांच्या जाती आणि कचऱ्याचे रंग शिकवण्यात घालवले. हा कायदा तुमच्यासाठीही आहे, हे त्या ४० जणींना पहिल्या दिवशी सांगितले नाही. वर्षानुवर्षे इतरांच्या शिबिरांत आम्ही हाच कायदा शिकवत आलो आहोत!

‘सेवा’ हा शब्द फार सोयीचा आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा अंगणवाडी सेविका ‘मानसेवी’ ठरल्या. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, एवढे सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला एप्रिल २०२२ उजाडले. २००५ पासून आलेल्या आशाही कागदोपत्री स्वयंसेविकाच. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी संपावर होत्या. मुंबई महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविकांनी कामगार म्हणून मान्यता मिळावी यासाठी किती वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, ते त्यांच्या संघटनेला विचारा. यातली कोणतीही योजना बायांना फसवायचे म्हणून सुरू झाली असे आम्ही म्हणत नाही. पण काम कायमचे झाले आणि नाव तात्पुरतेच राहिले.

मग स्वयंसेवा नकोच का? आमच्या बैठकांत यावरून बराच वाद झाला. काही जणींचे म्हणणे, पगार नाही तर काम नाही, विषय संपला. आम्हांला ते पटत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईत अनोळखी लोकांना ज्यांनी रात्रभर घरात घेतले, त्यांनी कोणती वही भरली होती? २०११ पासून ‘राइट टू पी’ची मागणी घेऊन मुंबईत बाया मुताऱ्यांची पाहणी करत फिरल्या. पुरुषांना लघवी फुकट आणि बायांना पैसे का, हा प्रश्न त्यांनी महापालिकेपुढे ठेवला. तीही स्वयंसेवाच. तिथे बाया महापालिकेला जाब विचारत होत्या. आमच्या योजनेत बाया महापालिकेच्या वतीने जाब देत होत्या. हा फरक आम्हांला वर्षभराने उमजला.

यातून आम्ही स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. जे काम रोज करावे लागते, ठरल्या वेळी करावे लागते आणि न केल्यास कोणी तरी का केले नाही म्हणून विचारते, ते काम नोकरी आहे. त्याला किमान वेतन हवे, मग नाव काहीही द्या. डासअळ्यांची घरोघर पाहणी या कसोटीवर नोकरीच ठरते. लसीची आठवण देणेही. प्रभागाच्या सभेला जाणे, शौचालयांची पाहणी करून अहवाल मांडणे, शेजारणीला योजनेचा अर्ज भरून देणे, ही कामे स्वेच्छेची राहू शकतात, पण फुकटची नव्हे. त्यांचा येण्याजाण्याचा आणि फोनचा खर्च महिन्याच्या महिन्याला मिळाला पाहिजे. कोणते काम करायचे आणि कोणते नाही, ते कागदावर हवे. त्यात उद्घाटनाची गर्दी आणि निवडणुकीचे काम नाही, हेही लिहिलेले हवे. अपघात विमा हवा. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने करोनाच्या कामासाठी ५० लाखांचे विमा कवच जाहीर केले, त्यात स्वयंसेवकही धरले होते. म्हणजे मनात आले की जमते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, या बायांना उत्तरदायी असा महापालिकेचा एक अधिकारी, नावानिशी, हवा. संस्था मध्ये उभी राहिली की महापालिकेचे हात मोकळे होतात. संस्थेचे नाव स्त्री-संघटना असले म्हणून यात काही बदलत नाही.

एक प्रश्न आमच्यापुढे अजून उघडाच आहे. ४० पैकी २३ जणींना काम चालू ठेवायचे आहे, अटी मान्य झाल्या नाहीत तरी. घराबाहेर पडायला मिळते, ओळखपत्र मिळते, लोक ‘मॅडम’ म्हणतात, असे त्या सांगतात. त्यांना आम्ही कोणत्या तोंडाने नको म्हणायचे? गटात यावर एकमत नाही. तूर्त असे ठरले आहे की त्यांनी आपला प्रतिनिधी स्वतः निवडावा आणि महापालिकेशी बोलणी त्यांनी करावीत. आम्ही सोबत जाऊ, सही करणार नाही.

वरील अटींचे पत्र महापालिकेला दिले आहे, पोच आमच्याकडे आहे, उत्तर आलेले नाही. ज्या गटांनी असे करार केले असतील त्यांनी कराराची प्रत आम्हांला पाठवावी, नावे झाकून पाठवली तरी चालेल. विशेषतः खर्चाची रक्कम वेळेवर मिळवण्यासाठी कोणी काय केले, ते कळवा. पुढच्या अंकात ही पत्रे छापू. आमच्या हजेरीच्या वहीच्या झेरॉक्स हव्या असतील तर त्याही मिळतील. त्या वहीचे आता आम्हांला दुसरे काही करायचे नाही.