सुटकेच्या दाराशी संपणारे उपचार

राजधानीत तुरुंगांचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन मुद्द्यांपाशी येऊन थांबते. एक, कारागृहांत मावणार नाहीत इतके कैदी. आणि दुसरा, खटल्याची तारीख पडण्याची वाट पाहत खितपत पडलेले कच्चे कैदी. दोन्ही मुद्दे खरे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. मंजूर क्षमतेच्या तुलनेत हे प्रमाण १३१ टक्के भरते. त्यांतील ४,३४,३०२ जण, म्हणजे जवळपास ७६ टक्के, न्यायाधीन होते. याच अहवालात आणखी एक आकडा आहे. त्याच्याकडे संसदेचे आणि मंत्रालयांचे लक्ष क्वचितच जाते. मानसिक आजाराने ग्रस्त अशी नोंद झालेले बंदी होते ९,०८४. शेकडा दीडहून किंचित अधिक.

हा आकडा वाचून कोणालाही समाधान वाटावे. परंतु बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेतील तज्ज्ञांनी तेथील परप्पन अग्रहार मध्यवर्ती कारागृहातील ५,०२४ बंद्यांची पाहणी केली, तिचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल वेगळेच चित्र दाखवतो. व्यसनाधीनतेच्या तक्रारी बाजूला ठेवल्या तरी १,३८९ बंद्यांमध्ये, म्हणजे २७.६ टक्के लोकांमध्ये, निदान करता येईल असा मानसिक आजार आढळला. एका कारागृहाची पाहणी साऱ्या देशाला लावता येत नाही, हे मान्य. तरीही दीड टक्का आणि सत्तावीस टक्के यांतील अंतर केवळ एका शहराच्या वेगळेपणाने भरून निघणारे नाही. पाहिले गेले तेथे आजार सापडला. पाहिले गेले नाही तेथे तो कागदावर उमटला नाही, एवढाच याचा सरळ अर्थ आहे.

न पाहण्याची ही सवय कायद्यानेच नकळत पोसली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. रुग्णाच्या हक्कांच्या दृष्टीने तो निःसंशय पुरोगामी आहे. त्याचे १०३ वे कलम कैद्यांविषयी आहे. मनोरुग्ण कैद्याला कारागृहाच्या वैद्यकीय विभागातील मानसोपचार कक्षात हलवावे. असा कक्ष नसेल तर पुनर्विलोकन मंडळाच्या पूर्वपरवानगीने बाहेरच्या आस्थापनेत पाठवावे. आणि प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना उभारावी, असे हे कलम सांगते. पण त्याच कलमातील तिसरे पोटकलम कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर एक विलक्षण जबाबदारी टाकते. आपल्या कारागृहात मनोरुग्ण कैदी नाहीत, असे प्रमाणित करणारा अहवाल त्याने दर तिमाहीला मंडळाकडे पाठवायचा आहे. आजारी माणूस बराकीत कुजू नये, तो उपचारांच्या जागी हलवला जावा, हाच यामागचा हेतू. तथापि, ज्या डॉक्टरच्या हाताशी ना कक्ष आहे ना तज्ज्ञ, त्याच्याकडून 'नाहीत' असेच लिहून मागितले तर तो काय लिहील, हे सांगायला फार मोठ्या प्रशासकीय अनुभवाची गरज नाही.

मनुष्यबळाची स्थिती या तर्काला पुष्टी देते. पाचशे बंद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक असावा, असा मापदंड २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीने घालून दिला. त्या हिशेबाने देशाला साडेअकराशेच्या घरात माणसे लागतील. 'इंडिया जस्टिस रिपोर्ट'च्या २०२५ च्या आवृत्तीने सरकारी आकडेवारीच्याच आधारे दाखवून दिले की देशभरच्या कारागृहांत मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून जेमतेम २५ आहेत. नोंद नाही म्हणून पद नाही, आणि पद नाही म्हणून नोंद होत नाही, असे हे चक्र आहे. त्याची किंमत मृत्यूंच्या रकान्यात दिसते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. अमिताव रॉय समितीने नमूद केले आहे की २०१७ ते २०२१ या काळात कारागृहांत झालेल्या ८१७ अनैसर्गिक मृत्यूंपैकी ६६० आत्महत्या होत्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने जून २०२३ मध्ये राज्यांना याबाबत मार्गदर्शक सूचना पाठविल्या. कारागृहात दाखल होताना होणाऱ्या आरोग्य तपासणीतच मानसिक आरोग्याची तपासणी व्हावी, रिक्त पदे भरावीत, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, असे त्यांचे स्वरूप होते.

या साऱ्या खटाटोपात एक प्रश्न मात्र जवळजवळ अस्पर्शित राहतो. तो म्हणजे सुटकेच्या दिवसाचा. कारागृहात गोळ्या सुरू झालेला माणूस जामिनावर, निर्दोष सुटून किंवा शिक्षा भोगून बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या उपचारांचे पुढे काय होते? मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ९८ व्या कलमात याचे उत्तर अर्धे आहे. आस्थापनेतून रुग्णाला घरी सोडताना मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णाशी, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीशी व कुटुंबीयांशी विचारविनिमय करून पुढील उपचारांचा आराखडा तयार करावा, असे ते म्हणते. पण ही तरतूद आस्थापनेतील रुग्णासाठी आहे. ज्याला कक्षात कधी हलवलेच गेले नाही आणि जो बराकीतूनच थेट फाटकाबाहेर पडला, त्याच्यासाठी आराखडा कोणी करायचा, याचे उत्तर कारागृह अधीक्षकाच्या टेबलावर सापडत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या मंडेला नियमांतील ११० वा नियम मुक्ततेनंतरही मानसोपचार चालू राहावेत यासाठी संबंधित यंत्रणांशी आधीच व्यवस्था लावण्याची अपेक्षा करतो. आपल्याकडे ही 'संबंधित यंत्रणा' कोणती, येथूनच घोळ सुरू होतो.

घटनेच्या सातव्या परिशिष्टातील विभागणी या घोळाचे मूळ आहे. कारागृहे राज्यसूचीत, सार्वजनिक आरोग्यही राज्यसूचीत. मनोविकार आणि मनोरुग्णांच्या उपचारांची ठिकाणे हा विषय मात्र समवर्ती सूचीत. राज्यांच्या पातळीवर कारागृहे गृह खात्याकडे, मनोरुग्णालये आरोग्य खात्याकडे, निवारागृहे सामाजिक न्याय किंवा महिला व बालविकास खात्याकडे. कैदी फाटकाबाहेर पडताच गृह खात्याची जबाबदारी संपते, आणि तो रुग्णालयाच्या खिडकीशी स्वतःहून पोहोचेपर्यंत आरोग्य खात्याची सुरू होत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२३ मध्ये राज्यांकडे धाडलेल्या आदर्श कारागृह व सुधारसेवा कायद्याच्या मसुद्यात पुनर्वसनाचा विषय आहे. पण मसुदा स्वीकारणे न स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर.

ही उपेक्षा नवी नाही. बिहारच्या हजारीबाग कारागृहात वेडसर म्हणून ठेवलेले काही कैदी बरे होऊनही वर्षानुवर्षे तेथेच राहिल्याचे वीणा सेठी खटल्यात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी लावून धरलेल्या खटल्यात १९९३ मध्ये न्यायालयाने, कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना कारागृहात ठेवणे घटनाबाह्य ठरविले. तरीही आसामात १९५१ मध्ये पकडलेल्या मचांग लालुंग यांची सुटका व्हायला २००५ साल उजाडले, आणि ती झाली एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. चोपन्न वर्षांत त्यांच्यावर खटलाच चालला नव्हता. तिन्ही प्रकरणांत निर्दयता कोणा एका अधिकाऱ्याची नव्हती. ज्याच्याविषयी पुढचे पाऊल उचलण्याची जबाबदारी कोणा एकाची नाही, तो कैदी विसरला जातो, हा प्रशासनाचा जुना अनुभव आहे.

आजच्या कायद्यातही ही फट शिल्लक आहे. मानसिक आजारामुळे स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ असलेल्या आरोपीला, रुग्णालयात ठेवण्याची गरज नसेल तर, जामिनावर सोडण्याची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३३० व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आली. तिची अट अशी की नातेवाइकाने किंवा मित्राने नियमित बाह्यरुग्ण उपचारांची हमी द्यावी. पोटापाण्यासाठी परमुलखात आलेल्या मजुराला असा हमीदार कोठून मिळणार? सुरतेच्या कारखान्यातला ओडिया कामगार असो की दिल्लीत रोजंदारी करणारा मराठवाड्यातला माणूस, त्याचे घर शेकडो कोस दूर असते आणि तपासणाऱ्या डॉक्टरला त्याची भाषाही पुष्कळदा येत नाही. परजिल्ह्यातील जामीनदार नाकारण्याच्या वृत्तीवर न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७८ मध्येच मोतीराम खटल्यात कोरडे ओढले होते. मनोरुग्ण स्थलांतरिताच्या बाबतीत तो प्रश्न दुहेरी होतो: जामीनदारही दूर आणि औषध देणारा हातही दूर.

येथे एक पेच उभा राहतो. जामीन मिळूनही कैदी आतच राहतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी निर्देश दिले. जामिनाचा आदेश त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात पोहोचावा. सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकाने जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाला कळवावे. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी आर्थिक साहाय्याची योजना आणली. स्वातंत्र्याच्या दृष्टीने ही पावले योग्यच आहेत. परंतु सुटका जितकी वेगाने होईल तितका डॉक्टरला मिळणारा अवधी कमी होतो. आदेश सायंकाळी आला आणि कैदी रात्री बाहेर पडला, तर गोळ्यांची पाकिटे आणि उपचारांचे कागद आतच राहतात. यावर उपचारासाठी सुटका लांबवणे हे उत्तर असूच शकत नाही. तसे झाले तर हजारीबागची पुनरावृत्ती होईल. उत्तर एकच: सुटकेचे नियोजन प्रवेशाच्या दिवशी सुरू व्हायला हवे.

इतरत्र हा धडा न्यायालयीन लढाईतून शिकला गेला. न्यूयॉर्क शहराच्या कारागृहांतून मनोरुग्ण कैद्यांना पहाटेच्या अंधारात किरकोळ पैसे आणि मेट्रोचे तिकीट देऊन क्वीन्स प्लाझा येथे उतरवले जाई. त्याविरुद्ध १९९९ मध्ये 'ब्रॅड एच.' या नावाने दावा दाखल झाला. २००३ च्या तडजोडीनुसार सुटताना औषधे, पुढील उपचारांची वेळ आणि सरकारी लाभांचे अर्ज ही शहराची जबाबदारी ठरली. अंमलबजावणीवरून तेथेही पुढे बरीच वर्षे वाद चालले. मात्र हा प्रश्न दयेचा नाही, हे वॉशिंग्टन राज्यात झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत माजी कैद्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या तुलनेत १२.७ पट होता.

आपल्याकडे यासाठी नवी संस्था उभारण्याची गरज नाही. न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समितीत जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधि सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि कारागृह अधीक्षक एकत्र बसतात. मनोरुग्ण बंद्यांची प्रकरणे पाहणे हे तिच्या कार्यकक्षेतच आहे. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळावरही जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी असतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सातशेहून अधिक जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस'ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा अनेक भारतीय भाषांत चालते. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कारागृहांत समाजकार्यकर्ते नेमून कैद्यांच्या पुनर्वसनाचे काम करीत आला आहे. उणीव आहे ती या धाग्यांना गाठ मारण्याची. प्रवेशाच्या वेळीच कैद्याचा मूळ जिल्हा, त्याची भाषा आणि विश्वासाचा एक माणूस यांची नोंद. फाटकाशी तयार ठेवलेले काही आठवड्यांचे औषध. आणि मूळ जिल्ह्यातील रुग्णालयाच्या नावे, कैद्याच्या संमतीने, एक पत्र. या तीन गोष्टींना कायदादुरुस्ती लागत नाही, राज्याच्या गृह आणि आरोग्य सचिवांचे एक संयुक्त परिपत्रक पुरे.

तसे ते निघत नाही, यामागे राजकारणाचा हिशेबही आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६२ व्या कलमानुसार कारागृहातील व्यक्तीला मतदान करता येत नाही. आणि मनोरुग्ण स्थलांतरित बाहेर आल्यावरही कोणत्या मतदारसंघाचा, हे सांगणे अवघडच. अशा माणसासाठी विधिमंडळात आवाज उठण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. त्यामुळे हा विषय जिल्ह्याच्या प्रशासनाकडेच येतो. प्रारंभ तिमाही प्रमाणपत्रापासून करता येईल. 'मनोरुग्ण कैदी नाहीत' असे लिहून आलेल्या अहवालावर स्वाक्षरी घेऊन तो दप्तरात लावण्याऐवजी, तपासणी किती जणांची झाली, कोणी केली आणि गेल्या तिमाहीत औषध चालू असताना सुटलेले किती, एवढे तीन प्रश्न मंडळाने लेखी विचारले, तरी खरा आकडा पुढे येऊ लागेल. कायद्याने मंडळाला कारागृहाला भेट देऊन जाब विचारण्याचा अधिकार दिलेलाच आहे.